जुनी इमारत, कमी वीज: हात आधी कुठे घालायचा?

उत्तरमुखी

आमची इमारत पस्तीस वर्षांची. चार मजले, सपाट स्लॅबची गच्ची, विटांच्या भिंती, एकेरी काचेच्या खिडक्या. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही छताखाली बसवत नाही, आणि थंडीत त्याच खोल्यांत सकाळी दात वाजतात. विजेचं बिल दोन्ही मोसमांत चढतं.

परवा रहिवाशांची बैठक झाली आणि तिच्यात चार तट पडले. एक म्हणतो गच्चीवर सोलर पॅनेल बसवा, विषय संपवा. दुसरा म्हणतो सगळ्या खिडक्या बदला. तिसऱ्याच्या हातात कुठल्याशा कंत्राटदाराचं गुळगुळीत पत्रक होतं, त्यावर ठळक अक्षरात ‘४० टक्के बचत’. चौथा तट म्हणजे ‘काही करू नका, इतकी वर्षं निघाली तशी निघतील’. माझ्या गळ्यात ‘माहिती काढून आणा’ हे काम पडलंय. तर जाणकारहो, पैसे एकदाच जमणार आहेत. सुरुवात कशापासून करू?

फूटपट्टी

पत्रकातले ४० टक्के कशाचे, हे आधी विचारा. छतातून येणाऱ्या उष्णतेचे, एसीच्या विजेचे की अख्ख्या बिलाचे? तीन उत्तरं, तीन वेगळे आकडे.

मी इमारतींची ऊर्जा तपासणी करतो, पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे माझं उत्तर कंटाळवाणं वाटेल. कंत्राटदाराला बोलवायच्या आधी तीन वर्षांची बिलं महिन्यावार एका कागदावर मांडा. ज्या महिन्यात ना गरम होतं ना थंडी वाजते, त्या महिन्याचे युनिट म्हणजे तुमचा तळ. तेवढी वीज हवामानाशी संबंध नसलेल्या गोष्टी खातात: फ्रिज, दिवे, पंप, पाणी तापवणं. त्याच्या वर उन्हाळ्यात आणि थंडीत जो उंचवटा दिसतो, तेवढाच काय तो भिंती, छत आणि खिडक्यांच्या खात्यावर. तळ मोठा आणि उंचवटा लहान असेल, तर गच्चीवर कितीही खर्च केलात तरी बिल फारसं हलायचं नाही.

मग सामायिक मीटर. रात्री बाराला आकडा टिपा, पहाटे पाचला पुन्हा टिपा. सगळे झोपलेले असताना कोण जागं आहे ते कळेल.

घरात तीन गोष्टी करा, खर्च शून्य. रात्री अकराला तळहात आधी आतल्या भिंतीला लावा, मग छताला, मग पश्चिमेच्या भिंतीला. वारा असलेल्या दिवशी खिडक्या-दारं बंद करून उदबत्ती चौकटीभोवती सावकाश फिरवा, धूर कुठे वाकतो तिथे खडूने खूण करा. आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेलं एखादं कपाट ओढून मागे बघा.

शंकासुर

उदबत्ती काय, तळहात काय! जमाना थर्मल कॅमेऱ्याचा आहे.

फूटपट्टी

@शंकासुर, कॅमेरा आहे माझ्याकडे. भरदुपारी उन्हात तापलेल्या भिंतीचा फोटो काढला की सगळं लालभडक दिसतं आणि गिऱ्हाईक घाबरतं. विक्रीला उत्तम, निदानाला निरुपयोगी. आत-बाहेर निदान दहा अंशांचा फरक हवा आणि ऊन उतरून बराच वेळ गेलेला हवा, तेव्हा कुठे तो कॅमेरा काही सांगू लागतो.

फटींसाठी नेमकं माप हवं तर ब्लोअर डोअर चाचणी असते. मुख्य दारात कापडी पडदी ताणून पंखा बसवतात, आत-बाहेर ५० पास्कलचा दाब-फरक ठेवतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. पॅसिव्ह हाउस (अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांचं मानक) प्रमाणपत्राला नव्या घरासाठी ही मर्यादा ०.६ आहे, जुनं दुरुस्त केलेलं घर असेल तर १. हा चाचणीचा पंखा चालू असताना आतून हात फिरवला की स्विचबोर्डमधूनसुद्धा वारा येताना जाणवतो. लोकांचा विश्वास बसत नाही.

गिलावा

कंत्राटदारांच्या नावाने खडे फोडताय म्हणून बोलतो, मीही त्याच जमातीतला. गच्चीचं काम करायचं तर आधी पाणी. स्लॅबमध्ये ओल असेल, कुठे गळत असेल, तर वरून उष्णतारोधक थर टाकणं म्हणजे गळू न कापता पट्टी बांधणं. ओला झालेला थर उष्णता अडवत नाही, उलट पाणी धरून बसतो आणि सळया खातो. गळती काढा, उतार नीट करा, पाणी जायच्या तोंडाशी जाळी बसवा. मग पुढचं.

दुसरा प्रश्न थर स्लॅबच्या वर की खाली. खालून फॉल्स सीलिंगसारखं लावणं सोपं पडतं, वरच्या मजल्यावरचा एकटा माणूसही करून घेऊ शकतो. पण मग स्लॅब रोज उन्हात भाजत राहतो, रात्री आकसतो, आणि त्या ओढाताणीत गिलाव्याला आणि वॉटरप्रूफिंगला तडे जातात. वरून थर दिला की स्लॅबच घराच्या आत आला असं समजा. त्याचं तापमान फारसं हलत नाही. मी तरी जमेल तिथे वरूनच सांगतो. वॉटरप्रूफिंगच्याही वर टाकायचा असेल (याला उलटी गच्ची म्हणतात) तर एक्स्पीएस (पॉलिस्टायरिनच्या घट्ट फोमचे तक्ते) घ्या, ते बंद पेशींचं असतं, पाणी जवळजवळ पीत नाही. रॉकवूल (खनिज लोकर) तिथे टाकलंत तर पहिल्या पावसात त्याचा स्पंज होईल.

उत्तरमुखी

@गिलावा, थर किती जाड? पत्रकात तीन पर्याय आहेत आणि सगळ्यात जाड तो ‘प्रीमियम’.

फूटपट्टी

हे मी सांगतो, आकडेमोड पाचवीतली आहे.

यू-मूल्य म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता पार होते. नुसता सहा इंची काँक्रीटचा स्लॅब धरा, साधारण ३.५. गच्ची १०० चौरस मीटर आणि फरक १० अंश असेल तर ३५०० वॉट. म्हणजे साडेतीन हीटर डोक्यावर लावून ठेवलेत. त्यावर ५ सेंटिमीटर चांगला फोम टाकला की यू-मूल्य ०.६ च्या आसपास येतं. ३५०० चे ६०० झाले. आता आणखी ५ सेंटिमीटर टाका, ते ०.३ वर येतं. ६०० चे ३०० झाले.

पहिल्या पाच सेंटिमीटरने २९०० वॉट अडवले, दुसऱ्या पाचने ३००. ‘प्रीमियम’ घ्यायचं की नाही ते हवामानावर ठरतं. जिथे चार-पाच महिने बाहेर गोठण असते आणि आत सतत हीटिंग चालू असतं, तिथे ते दुसरे ३०० सुद्धा मोलाचे असतात, आणि मजुरी, शिडी, परांची सगळं एकदाच होतं म्हणून जाड थरच घालावा. जिथे फरक दहा अंशांचाच आणि तोही काही महिने, तिथे उरलेले पैसे खिडक्यांच्या सावलीवर घाला.

वरून पांढरा परावर्तक लेप दिलात तर मूळ तापणंच कमी होतं. नवा लेप उन्हाचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग परत पाठवतो. पण धूळ, शेवाळ, कबुतरं यांच्या कृपेने हे प्रमाण दोन-तीन वर्षांत उतरतं, म्हणून धुवायची तयारी ठेवा. थंडीत त्याचा उपयोग नाही, उलट ते फुकटचं कोवळं ऊनही परत पाठवतं. आणि एक: तुमचा स्लॅब दुपारी उष्णता खातो आणि रात्री ओकतो, म्हणून रात्री अकराला छत गरम लागतं. एसी तेव्हाच सगळ्यात जास्त चालतो ना?

उत्तरमुखी

अगदी. झोपायच्या वेळीच.

खिडकीतली_चिमणी

खिडक्या बदलायच्या विचारात असाल तर आमचं ऐका आणि शहाणे व्हा. आम्ही सगळ्या खिडक्यांना दुहेरी काच बसवली. रस्त्याचा आवाज निम्मा झाला, थंडीत काचेवरून पाणी ओघळायचं ते थांबलं. पण उन्हाळ्यात पश्चिमेची खोली? जशीच्या तशी भट्टी. बसवणाऱ्याला विचारलं तर म्हणे ‘मॅडम, वेळ द्या’. खिडकीला काय वेळ द्यायचा, ती मुरते का लोणच्यासारखी?

फूटपट्टी

@खिडकीतली_चिमणी 😄 तुमच्या काचेने तिचं काम केलंय, फक्त तुम्हाला हवं होतं ते काम वेगळं होतं. एकेरी काचेचं यू-मूल्य ५.७ च्या आसपास असतं, साध्या दुहेरीचं २.८, आर्गॉन वायू आणि लो-ई लेप (उष्णता परतवणारा अदृश्य पातळ थर) असलेल्या दुहेरीचं १.१ पर्यंत उतरतं. पण हे सगळं हवेच्या तापमानातल्या फरकाबद्दल झालं. ऊन थेट काचेतून आत येतं त्याचं खातं वेगळं, ते जी-मूल्य. साध्या दुहेरी काचेतूनही उन्हाचा पाऊण भाग आत येतो. दोन चौरस मीटरच्या खिडकीवर दुपारी चारचं ऊन चौरस मीटरला ६०० वॉटने पडत असेल, तर तुमच्या खोलीत नऊशे वॉटचा हीटर चालू आहे.

पडदा आतून लावून अर्धंच काम होतं, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं आणि पडदा स्वतःच तापून खोली तापवतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर: शटर, बाहेरून सोडायची चिक, उभ्या पट्ट्या, वेल, काहीही. दक्षिणेच्या खिडकीला वर आडवा छज्जा पुरतो कारण तिथे सूर्य डोक्यावर असतो (आपण उत्तर गोलार्धात आहोत असं धरून). पूर्व-पश्चिमेला सूर्य डोळ्यांसमोर असतो, तिथे छज्जा बिचारा काही करू शकत नाही.

गिलावा

आणि चिमणीताई, चौकट आणि भिंत यांच्या मधली फट काय भरलीय ते बघा. मी कित्येक ठिकाणी महागडी खिडकी काढून पाहिलीय, मागे नुसती पोकळी आणि तोंडाला सिलिकॉनची रेघ. लग्नात वरून शेरवानी, आत फाटका बनियन.

खिडकीतली_चिमणी

उदबत्ती फिरवली. तीन खिडक्यांत खालच्या कोपऱ्यात धूर सरळ आडवा झाला. बोलवते आता त्याला परत.

तळघर

मी मोठ्या ऑफिस इमारतींच्या देखभालीत आहे. तुम्ही सगळे भिंती-छतावर अडकलात म्हणून माझी दोन वाक्यं. आमच्याकडे सगळ्यात स्वस्त ‘नूतनीकरण’ म्हणजे जे बसवलंय ते नीट चालवणं. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २००९ मध्ये ६४३ इमारतींचा अभ्यास छापला होता. जुन्या इमारतींत नुसती यंत्रणा तपासून, वेळापत्रकं आणि सेन्सर दुरुस्त करून मध्यक बचत १६ टक्के, आणि खर्च वर्ष-सव्वा वर्षात वसूल. नवी वीटसुद्धा न लावता.

मी स्वतः पाहिलेलं: एका मजल्यावर एकाच वेळी हीटिंगचा व्हॉल्व्ह उघडा आणि कूलिंगचाही उघडा. दोघं एकमेकांशी झुंजतायत, खोलीत छान २३ अंश, कुणाची तक्रार नाही. किती वर्षं चाललं होतं देव जाणे. तक्रार नसणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महागडा रोग.

पंखे आणि पंपांचं गणितही पाठ करून ठेवा: वेग २० टक्के कमी केला की लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते (०.८ चा घन ०.५१). त्यामुळे पंखा सतत पूर्ण वेगाने फिरवून पुढे झडप अर्धी बंद करणं म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर.

सूर्यफूल

मला कळत नाही सोलरला कुणी हातच का लावत नाहीये. वीज फुकट झाली की किती वापरली याने काय फरक पडतो?

गिलावा

पडतो, आणि गच्चीवर चढलेल्या माणसाला विचारा कसा पडतो ते. पॅनेलचे पाय ठोकून झाले, दोन वर्षांनी वॉटरप्रूफिंग फुटलं. आता पॅनेल उतरवा, थर टाका, परत चढवा. दोनदा क्रेन, दोनदा मजुरी आणि पायाच्या भोकांतून गळती ती वेगळीच. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात. त्यांच्या खालची गच्ची निदान तेवढी टिकेल अशी आधी करा.

फूटपट्टी

शिवाय @सूर्यफूल, रात्री अकराला छत ओकत असतं तेव्हा पॅनेल झोपलेलं असतं.

या क्रमाचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे न्यू यॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग. १९३१ ची इमारत, ६५१४ खिडक्या. २००९ मध्ये मोठं नूतनीकरण जाहीर झालं, लक्ष्य होतं ऊर्जावापर ३८ टक्के कमी करायचा. साठाच्या वर कल्पना मांडल्या, हिशोब करून आठ ठेवल्या. त्यांनी काचा फेकल्या नाहीत. इमारतीतच एक कार्यशाळा थाटली, रात्री खिडक्या उतरवायच्या, दोन काचांच्या मधे लेपाची पातळ फिल्म ताणून वायू भरायचा, परत बसवायच्या. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरच्या मागे भिंतीवर परावर्तक थर लावला, नाहीतर ते रेडिएटर बाहेरचा रस्ता गरम करत होते.

खरी मजा पुढे आहे. खिडक्या-दिवे सुधारल्यावर थंड करण्याचा भार इतका उतरला की तळघरातले जुने चिलर (अख्खी इमारत थंड करणारी यंत्रं) बदलून मोठे आणण्याची गरज उरली नाही. जे होते तेच दुरुस्त करून भागलं. त्या न घेतलेल्या यंत्रांच्या पैशांतून बाकीच्या कामाचा मोठा भाग निघाला. हेच उलट क्रमाने केलं असतं, म्हणजे आधी मोठे चिलर आणि मग खिडक्या, तर ते चिलर जन्मभर अर्ध्या भारावर कुंथत बसले असते. तुमच्या चार मजल्यांनाही हाच नियम. छत सुधारायच्या आधी दोन टनाचा एसी घेतलात तर नंतर तो मोठा पडेल. थंड प्रदेशात हीट पंपाचंही (बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारं यंत्र) तसंच: घर आधी थोपवून धरलं की रेडिएटरमध्ये ५५ ऐवजी ३५-४० अंशांचं पाणी पुरतं, आणि तेवढ्या कोमट पाण्यावर हीट पंप कितीतरी कमी विजेत काम करतो.

शंकासुर

वा, परदेशी गगनचुंबी इमारत आली म्हणजे चर्चा संपली! आता माझंही ऐका. या सगळ्या बचती कागदावरच्या असतात. २०१२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जर्मन घरांच्या आकडेवारीवर दाखवलं की जुन्या घरांत लोक प्रत्यक्षात जी ऊर्जा वापरतात ती हिशोबातल्या आकड्यापेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी कमी असते. का? कारण घर थंड पडतं म्हणून लोक एकच खोली गरम करतात, स्वेटर घालून बसतात. जी ऊर्जा वापरलीच जात नाही ती वाचणार कुठून? उद्या इन्सुलेशन केलं की हेच लोक सगळं घर गरम ठेवतील. म्हणजे बचत आणखी कमी.

आणि त्याहून जुनं: १९७० च्या दशकात प्रिन्स्टनच्या लोकांनी न्यू जर्सीत ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीत एकसारख्या बांधणीची घरं मोजली. भिंती त्याच, खिडक्या त्याच, तरी एका घराचा वापर दुसऱ्याच्या दुप्पट. घरात माणूस बदलला की आकडा बदलायचा. मग तुमच्या यू-मूल्याला काय अर्थ?

फूटपट्टी

@शंकासुर, टाळ्या. दोन्ही अभ्यास खरे आहेत आणि हे मुद्दे विक्रेते कधीच सांगत नाहीत. पत्रकातल्या ४० टक्क्यांतून मी नेहमी मोठा तुकडा मनातल्या मनात कापतो तो याचमुळे. म्हणूनच पहिल्या पोस्टमध्ये बिलं मागितली, हिशोबाचं सॉफ्टवेअर नाही.

पण निष्कर्षाशी सहमत नाही. जो माणूस एकाच खोलीत कुडकुडत बसायचा तो आता चार खोल्या वापरतो आणि बिल तेच, याला मी तोटा म्हणणार नाही. हवं तर त्याला ‘बचत’ म्हणू नका, पण काहीतरी मिळालंय. बैठकीत मात्र ‘बिल निम्मं होईल’ असं वचन देऊ नका, पुढच्या वर्षी तोंड दाखवता येणार नाही. आणि ट्विन रिव्हर्सची दुसरी बाजू तुम्ही सांगितली नाहीत! तिथेच त्यांना माळ्यावर निसटणारी गरम हवा सापडली, भिंतींच्या आत लपलेल्या वाटांनी, जी कुणाच्याच हिशोबात नव्हती. मोजायला गेले म्हणून सापडली.

शंकासुर

मान्य. अर्धं.

भाडेकरू_क्र_२

मालक म्हणतो बिल तू भरतोस, मी का खर्च करू. मी म्हणतो भिंत तुझी आहे, मी का करू. आठ वर्षं आम्ही दोघं बरोबर आहोत आणि खोली गरमच आहे.

फूटपट्टी

@भाडेकरू_क्र_२, ही गाठ जगभर आहे आणि प्रेमाने सुटत नाही, कायदाच लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये २०१८ पासून ऊर्जा-प्रमाणपत्रात ‘ई’ श्रेणीच्या खालचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही (काही सवलती आहेत). फ्रान्सने जानेवारी २०२५ पासून ‘जी’ श्रेणीच्या घरांवर तशीच बंदी आणली. तोवर तुमच्यासाठी: फटींना लावायच्या रबरी पट्ट्या, बाहेरून सोडायची चिक. घर सोडताना सोबत नेता येतील अशाच गोष्टी करा.

गिलावा

फटी बुजवायचं सगळे सांगतात, पुढचं कुणी सांगत नाही म्हणून मी लिहितो. एका घरात आम्ही खिडक्या बदलल्या, दारांना पट्ट्या लावल्या, सगळं चोपून बंद. मालक खूश. पुढच्या थंडीत फोन, ‘तुम्ही काय करून ठेवलंत?’ गेलो. उत्तरेच्या भिंतीला टेकून मोठं कपाट होतं. ओढलं तर मागे माणसाच्या उंचीचा काळा डाग, मखमलीसारखी बुरशी, कपाटाची पाठ हाताने दाबली तर आत गेली. आधी जुन्या खिडक्यांच्या फटींतून घराचा दमटपणा निघून जायचा. त्या मी बुजवल्या. घरात चार माणसं श्वास घेतात, स्वयंपाक होतो, आंघोळी होतात, कपडे आत वाळतात. ती वाफ जाणार कुठे? सगळ्यात गार भिंत शोधते आणि बसते.

ते काम मी पदरच्या पैशाने निस्तरलं. तेव्हापासून फटी बुजवायच्या कामात स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचा एक्झॉस्ट लिहून घेतो, नाही म्हणालात तर काम घेत नाही.

फूटपट्टी

याला आकडा जोडतो. खोलीत २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के म्हणजे अगदी साधी खोली. भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांवर आला की त्याला चिकटलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्के होते, आणि बुरशीला तेवढी पुरते, थेंब दिसायची गरज नाही. कपाटामागे हवा फिरत नाही म्हणून भिंत तिथेच सगळ्यात गार. थर आतून लावलात तर मूळ भिंत आणखी गार पडते, वाफ मागे शिरली तर डाग दिसतही नाही. बाल्कनीचा स्लॅब भिंत भेदून बाहेर जातो ना, तिथेही हेच.

गरम-दमट हवामानात चित्र उलटं. ओलावा बाहेर असतो, एसीची खोली गार, आणि प्लास्टिकचा वॉलपेपर मधे आला की बुरशी त्याच्या पाठीमागे. एका हवामानातला तपशील दुसरीकडे जसाच्या तसा उचलू नका.

जिनपायरी

एक गंभीर गोष्ट. १४ जून २०१७, लंडन, ग्रेनफेल टॉवर. ७० च्या दशकातली २४ मजली इमारत, आदल्याच वर्षी नूतनीकरण पूर्ण. त्यात बाहेरून उष्णतारोधक थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचं आवरण चढवलं होतं, ज्याच्या पोटात पॉलिएथिलिन होतं. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातली आग खिडकीतून त्या आवरणाला लागली आणि बाहेरच्या बाहेर वर चढली. ७२ माणसं गेली. त्यातल्या कित्येकांनी घर ऊबदार होणार म्हणून त्या कामाचा त्रास महिनोन् महिने सोसला असेल.

भिंतीला बाहेरून काही लावणार असाल तर ते कशाचं आहे, आग लागल्यावर काय करतं, मजल्यागणिक आग अडवणारी पट्टी आहे का, हे लेखी घ्या. खनिज लोकर जळत नाही. ईपीएस (थर्मोकोल) आणि पीयू (पॉलियुरेथेन फोम) जळतात.

शंकासुर

यावर माझी काही शंका नाही.

सूर्यफूल

पाडून नवीनच का बांधत नाही मग? सगळंच नीट होईल.

फूटपट्टी

कारण जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचे आहेत, आणि तुमच्या सांगाड्यापुरते पस्तीस वर्षांपूर्वीच हवेत गेलेत. सांगाडा धड असेल तर तो ठेवून कातडी बदला. नेदरलँड्समध्ये एनर्जीस्प्राँग पद्धतीत घर लेसरने मोजतात, कारखान्यात खिडक्यांसकट अख्खी भिंत तयार करतात आणि जुन्या घरावर बाहेरून चढवतात. आठ-दहा दिवसांत काम, माणसं आतच राहतात. अर्थात एकसारख्या घरांच्या लांबलचक रांगा असल्या तरच हे परवडतं.

उत्तरमुखी

सगळ्यांचे आभार. थोडं गृहपाठाचं सांगतो.

रात्रीचा मीटर: बारा ते पाच मध्ये चांगलेच युनिट पडले. जिन्यातले दिवे हिशोबात धरूनही मेळ बसेना. टाकीवर चढलो तर पाणी ओसंडून गच्चीवर वाहतंय आणि पंप चालूच. तरंगता स्विच अडकला होता. कधीपासून, कुणालाच माहीत नाही. @तळघर, तक्रार नव्हती कुणाची! आणि @गिलावा, गच्चीच्या त्या कोपऱ्यातली ओल पावसाची नव्हतीच.

कपाटामागे आमच्याकडे काही नाही, शेजारी मात्र आहे. त्यांनी तिथे कॅलेंडर लावलं होतं.

छताचं बैठकीत पटेना म्हणून एक प्रयोग केला. वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाच्या दोन लागून असलेल्या, सारख्या मापाच्या खोल्या. एका खोलीच्या वर गच्चीवर पाच सेंटिमीटर एक्स्पीएसचे तक्ते नुसते मांडले, ताडपत्री टाकली, कडेला विटा ठेवल्या. दुसरी तशीच. दोन्हीकडे छताला थर्मामीटर चिकटवला, नऊ दिवस रात्री अकराला आकडा टिपला. उघड्या खोलीत छत रोज ३६-३७ अंशांना, झाकलेल्या खोलीत ३१ ते ३२.

शंकासुर

एसी दोन्हीकडे बंद होता? आणि ताडपत्रीचा रंग कोणता?

उत्तरमुखी

एसी बंद. ताडपत्री निळी. तिचा वाटा किती हे सांगता येणार नाही, म्हणून या आठवड्यात दुसऱ्या खोलीवर नुसती ताडपत्री टाकतोय, तक्त्यांशिवाय.

अडचण एकच. झाकलेल्या खोलीत आजोबांनी खाट हलवलीय, आणि नातवंडंही तिकडेच झोपायला लागलीत. प्रयोग संपला म्हणून तक्ते काढायला गच्चीवर गेलो तर आजोबा शिडीपाशी उभे. म्हणाले, ‘दुसऱ्या खोलीवर काय टाकायचंय ते टाक, याला हात लावायचा नाही.’